फायदा शेजाऱ्यांचा

फिलू, आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सुचेल. डबा तुझाच होता. गेली दहा वर्षं तू म्हणत आलीस की तो कुळथाच्या पिठीचा, म्हणजे माझा होता. मी म्हणत आले की बोंबलाच्या कालवणाचा, म्हणजे तुझा. आता तू उलट उत्तर द्यायला नाहीस, तेव्हा निकाल आपोआप माझ्या बाजूने लागला. पण समोर भांडायला कोणी नसलं की जिंकण्यात काही मजा राहत नाही गं.

काल चर्चमध्ये तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा झाली. फादर तुझ्याबद्दल बोलताना 'शांत स्वभावाची आपली फिलोमिना' असं म्हणाले आणि मला खोकल्याचं सोंग करून तोंड पदरात लपवावं लागलं. मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसलं. मग दुसरं कोणीतरी. तुझ्या मिस्सेला अर्धं गावठाण हसू दाबत बसलं होतं, आणि मला वाटलं, हे तुला आवडलं असतं.

तुझी माझी पहिली भेट कोंबड्यावरून झाली. मी घाटकोपरहून बसने आले होते, नोकरीचा पहिला दिवस, कडक इस्त्रीची साडी. अंधेरीच्या आपल्या प्रयोगशाळेच्या दारात तू उभी होतीस, बगलेत हा एवढा तांबडा कोंबडा. "धर," म्हणालीस. ना नाव, ना गाव. मी धरला, त्याने माझ्या मनगटाला चोच मारली, आणि तू खूश होऊन म्हणालीस, "बरं झालं, तुझी ओळख झाली त्याच्याशी." फ्लूचा विषाणू कोंबड्याच्या तांबड्या पेशींना चिकटतो, त्यावरून त्याची परीक्षा करतात, म्हणून असल्या प्रयोगशाळेत कोंबडा लागतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तो बसमधून येतो हे ठाऊक नव्हतं. त्याचं नाव तू मुकादम ठेवलं होतंस, कारण तो मान ताठ करून सगळ्यांचं काम बघत फिरायचा आणि स्वतः काही करायचा नाही. दर सोमवारी त्याच्या पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं आणि बदल्यात मूठभर तांदूळ द्यायचे. नाताळ जवळ आला की तू त्याला प्रयोगशाळेतच मुक्कामाला ठेवायचीस. घरच्यांचा भरवसा नाही म्हणायचीस.

मी तुला पहिले काही दिवस 'मिस' आणि 'अहो' म्हणत होते. तू माझ्याहून थोरली, पदानेही वर. तू एकदा हातातलं काम बाजूला ठेवून म्हणालीस, "आमच्यात आजीला पण तू बोलतात गो शालू. मना अहो बोललीस तर मी मागं वळून बघीन, कोण आला म्हणून." त्या दिवसापासून आपण तू-तू मैं-मैंला मोकळ्या झालो.

लोक आता मला विचारतात, तुम्ही दोघी तिथे इतकी वर्षं नक्की काय करत होता? मी तुझंच उदाहरण सांगते. तुझ्या आईचं माहेर मनोरीचं. लहानपणी मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने आजोळी जायचीस. तू म्हणायचीस, फ्लूचा विषाणू म्हणजे होडी. पेशीच्या अंगावर साखरेच्या जातीची टोकं असतात, तो धक्का. विषाणूवर दोन तऱ्हेचे काटे. एक काटा होडीला धक्क्याशी बांधतो. दुसरा काटा म्हणजे न्युरॅमिनिडेज नावाचं एन्झाइम, तो दोरी सोडतो. आत शिरलेल्या विषाणूची पिल्लं तयार झाली की त्यांना पेशीपासून सुटून पुढच्या पेशीकडे, पुढच्या माणसाकडे जायचं असतं. तेव्हा हा सोडणारा लागतो. "सगळी दुनिया बांधणाऱ्याच्या मागं लागलीय," तू म्हणायचीस. "मी सोडणाऱ्याला धरणार."

आणि इथेच आपलं पहिलं मोठं भांडण. मी म्हटलं, चोर घरात शिरलाच, मग त्याला बाहेर जाऊ दिलं नाही तर फायदा कोणाचा? ज्याचं घर त्याला तर ताप आलाच. तू एक क्षणही थांबली नाहीस. "शेजाऱ्यांचा," म्हणालीस. मी म्हटलं, हे शास्त्र झालं की प्रवचन? तू म्हणालीस, प्रवचन चर्चमध्ये ऐकते, इथे मोजून दाखवीन.

मोजणं तरी किती चिवट होतं तुझं. सीरम घ्यायचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी, त्यात विषाणूचं हे एन्झाइम घालायचं आणि मग नळ्या उकळायच्या. एन्झाइम कामाला लागलं असेल तर नळी गुलाबी होते. त्या माणसाच्या रक्ताने एन्झाइमला धरून ठेवलं असेल तर नळी तशीच कोरी राहते. साऱ्या प्रयोगशाळेत रंग न आल्याचा आनंद होणारी तू एकटी. कोरी नळी खिडकीशी धरून तू अशी बघायचीस की जणू घरी सोयरीक आली आहे.

मग ते वर्ष आलं. हाँगकाँगहून नवा फ्लू निघाल्याच्या बातम्या पावसाळ्यात यायला लागल्या. बांधणारा काटा नवा, पण सोडणारा जुनाच, दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या मोठ्या साथीतला. म्हणजे तेव्हा आजारी पडलेल्यांच्या रक्तात सोडणाऱ्याची ओळख अजून असणार. तुला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. साथ मुंबईत पोचायच्या आधी तुला माणसांचं रक्त हवं होतं, आणि माणसं तुझ्या दारातच होती. दर रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात आंब्याखाली टेबल मांडायचं. तू सुई धरायचीस, मी नावं लिहायचे. तुमचे पास्कूमामा, गावठाणातले सगळ्यात थोरले आणि सगळ्यात आगाऊ, पहिल्या रविवारी म्हणाले, "रगत घे, पण बदल्यात काय दील?" तू म्हणालीस, "फ्लूची खबर सगळ्यांच्या आधी तुना दीन." सौदा पटला. रांग लागली.

आता डब्याकडे येते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तू मात्र मध्ये बोलू नकोस.

विषाणूला अडवण्याची ताकद तपासण्याआधी सीरम साफ करावं लागतं, कारण त्यात काही लबाड पदार्थ असतात जे ताकद नसताना असल्याचा देखावा करतात. ते काढायला कॉलऱ्याच्या जंतूंपासून मिळवलेलं एन्झाइम घालून ठेवायचं. हेही न्युरॅमिनिडेजच, फ्लूच्या एन्झाइमचं चुलत भावंड. काम झालं की नळ्यांचा रॅक गरम पाण्याच्या टाकीत ठेवून त्या एन्झाइमचा जोर मोडायचा. नाही मोडला, तर तेच पुढच्या परीक्षेत मुकादमाच्या पेशींवरची साखरेची टोकं खाऊन टाकतं. मग विषाणूला चिकटायला जागाच उरत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, या माणसाच्या रक्ताने विषाणूला अडवलं.

आणि त्याच टाकीत आपण सगळे दुपारचे डबे गरम करायचो. प्रयोगशाळेच्या साहेबांना हे माहीत होतं, त्यांची डाळही त्यातच असायची. आज कोणाला सांगितलं तर अंगावर काटा येईल, पण तेव्हा टाकी एक आणि भूक सगळ्यांना. त्या शुक्रवारी डबा मावेना म्हणून कोणीतरी रॅक बाहेर काढून ठेवला. जेवणं झाली, तू समजलीस मी परत ठेवला, मी समजले तू ठेवलास, आणि रॅक तसाच पुढच्या कामाला लागला.

संध्याकाळी परीक्षेच्या, खळग्यांच्या ताटल्या वाचल्या तर सगळ्या गावठाणाच्या रक्ताने नव्या फ्लूला अडवलेलं. एकूण एक. तू माझ्या गळ्यातच पडलीस. कोणी शहाणं असतं तर म्हणालं असतं, एवढं सगळं सारखं कसं? पण आपण शहाण्या कुठल्या. तू तशीच गावठाणात गेलीस आणि दारोदार सांगत सुटलीस, की आपल्या रगतात जोर आहे, हा फ्लू आपल्याला शिवणार नाही. पास्कूमामांना दिलेला शब्द पाळलास. सगळ्यांच्या आधी खबर. खोटी.

शनिवारी सकाळी मी शेवटची ताटली धुवायला घेतली. आनंदाच्या भरात ती वाचायचीच राहिली होती. तिच्यात मुकादमाचं सीरम होतं. त्याच्यात विषाणूला अडवणारं काही नसणार हे माहीत असतं, म्हणून तर पडताळ्यासाठी ते घालायचं. आणि तिथेही तेच. मुकादमाने हाँगकाँगच्या फ्लूला अडवलं होतं. मी तुला हाक मारली. तू बघितलंस, टाकीकडे बघितलंस, टाकीशेजारच्या फडक्यावर रॅकचा ओला चौकोन वाळून डाग पडला होता तो बघितलास. मला वाटलं आता रडशील. तू जमिनीवर बसलीस आणि हसत सुटलीस. "सोडणाऱ्याला धरायला निघाले," म्हणालीस, "त्याच्या भावानंच मला धरलं." मीही हसले. मग तू एकदम उठलीस. "शालू, मी लोकांना सांगितलंय ना."

सीरम संपलं होतं. पुन्हा तपासायचं तर पुन्हा रक्त हवं. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजुतीने सांगितलं: चुकीचं काही बोलू नका. दुसरी फेरी आहे म्हणून सांगा, रक्त घ्या, मग खरं काय ते हळूहळू कळेलच. आत्ता सांगितलंत तर कोणी हात पुढे करणार नाही. साथ दारात आली आहे, दुसरं गाव शोधायला वेळ नाही. मग प्रयोगशाळेतलं तुमचं न्युरॅमिनिडेजचं टेबल कशाच्या जोरावर चालू ठेवू? त्यांचं बोलणं बिनतोड होतं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आणि हळूहळू कळेस्तोवर एखादी म्हातारी मला फ्लू होत नाही म्हणून आजारी नातवाला मांडीवर घेऊन बसली तर?" तू पर्स उचललीस.

दुसऱ्या दिवशी आगेरा होता, तुमचा नव्या भाताचा सण. शेतातून वाजतगाजत आणलेली कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी ठेवलेली, बँडवाले घामाघूम, बायका नव्या लुगड्यांत. मिस्सा संपल्यावर तू फादरांना विचारून पायऱ्यांवर उभी राहिलीस. मी खाली, तुझी पिशवी धरून. तू म्हणालीस, "परवा मी बोलले तुमचा रगत चांगला हाय, फ्लू नाय होणार. ते खोटा हाय. चूक माझी. नळ्या गरम करायच्या होत्या, मी माझा डबा गरम केला आणि नळ्या तशाच रवल्या. तवा कोणी बेफिकीर राहू नका. खोकणाऱ्यापासून पोरांना लांब ठेवा. आणि मना परत रगत पायजे. द्यायचा नसल तर नको देऊ, मी रागावणार नाय."

बँडवाल्याने झांज हळूच खाली ठेवली, ती वाजली. तेवढ्यात पास्कूमामा पुढे आले. "डब्यात काय व्हता?"

"बोंबील," तू म्हणालीस.

मामांनी मान डोलावली, वळून सगळ्यांकडे बघितलं, आणि म्हणाले, "बोंबील थंड कोण खाईल?" आणि अस्तनी वर सरकवली. त्या दिवशी बँड वाजत होता आणि रांग मागच्या फाटकापर्यंत होती. सोमवारी प्रयोगशाळेत मी म्हटलं, चला, अख्ख्या गावासमोर कबूल केलंस, डबा तुझा. तर तू म्हणालीस, "गावासमोर बोलावा लागला. तुझ्या पिठीचं नाव कशाला घेऊ? डबा तुझाच व्हता." अशी तू.

यावेळी नळ्या नीट तापल्या. टाकीवर तू स्वतः स्टूल टाकून बसलीस आणि साहेबांनाही थंड डाळ खायला लावलीस. बांधणाऱ्या काट्याला अडवणारं रक्त जवळजवळ कोणाचंच नव्हतं. सोडणाऱ्याला धरणारं मात्र बऱ्याच थोरल्या माणसांचं निघालं. कोऱ्या नळ्याच नळ्या. आणि मग फ्लू आला.

अर्धं गावठाण तापलं. तू दारोदार विचारत फिरलीस, किती दिवस झोपून होतात? उत्तर सगळीकडे एकच: झोपलो कशाला, भात कापायचा होता. तापात फणफणत माणसं शेतात उभी. कोण जास्त आजारी, कोण कमी, कसं मोजणार? तू दोन दिवस वैतागलीस, मग प्रश्नच बदललास. "तुझ्यामागून घरात कोण पडला?" हे मात्र सगळ्यांना चोख ठाऊक होतं, कारण पडलेल्यांची पेज त्यांनीच केली होती. आणि तुला जे दिसलं ते असं, की ज्या घरात पहिल्या आजाऱ्याची नळी कोरी होती, तिथे त्याच्यामागून पडलेले कमी.

मी म्हटलं, घरं मोजकी, माणसं मोजकी, हा योगायोगही असेल. तू म्हणालीस, असेल. मी म्हटलं, थोरल्या माणसांजवळ पोरं कमी झोपतात, म्हणूनही असेल. तू म्हणालीस, तेपण असेल, पण तू हे म्हणतेस कारण तुला सवय आहे. साहेबांनी तुझं टेबल चालू ठेवलं, एवढं खरं. पुढच्या वर्षांत परदेशातल्या मासिकांत तुझ्यासारखं बोलणारे लोक दिसायला लागले, की हे एन्झाइम धरणारं रक्त ताप थांबवत नाही, पण त्याचा जोर आणि पसारा कमी करतं. तू ती पानं माझ्या डब्याखाली ठेवायचीस, काही न बोलता. मी ती वाचून काही न बोलता परत द्यायचे. आपलं हे एकच भांडण असं होतं जे दोघींनी इतक्या शांतपणे केलं.

खरं सांगू का फिलू, मला तू बरोबर आहेस असं कधीचंच वाटायला लागलं होतं. पण आम्ही शिरोडा-वेंगुर्ल्याकडचे सगळे लोक असेच, माझी आई म्हणायची, हो म्हणायला जीभ जड. आणि तुला माझ्या 'हो'ची गरजही नव्हती. तुला हवं होतं कोणीतरी सारखं 'कशावरून?' विचारणारं. ते काम मी मन लावून केलं, आणि त्यातून मला जे मिळालं ते कोणत्याही कॉलेजात मिळालं नसतं. चूक सापडली की आधी हसायचं आणि मग लगेच ज्याचं नुकसान होणार त्याच्याकडे जायचं, हे मी तुझ्याकडून शिकले. त्याबद्दल तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, बरी आहेस ना?

यंदा रशियाकडून फ्लू निघाल्याची बातमी आली तशी तू पुन्हा तयारीला लागलीस. यावेळी घरं जास्त घेऊ, म्हणालीस, शालूचं तोंड बंद होईल इतकी. पुढच्या रविवारी आंब्याखाली टेबल मांडायचं ठरलं होतं. बुधवारी तू झोपेतच गेलीस. ज्या फ्लूमागे आयुष्य घालवलंस त्याचा काही हात नव्हता, हृदयाने दगा दिला. मी रागावले तुझ्यावर, अजून रागावलेली आहे. भांडण अर्धं टाकून जायची ही काय रीत झाली?

काल मिस्सेनंतर तुझ्या घरी सगळे कॉफीला थांबले. मी तुझ्या वस्तू परत द्यायला आणल्या होत्या: तुझा अॅप्रन, कान तुटलेला कप, सुया-सिरिंजांची स्टीलची डबी. तुझ्या आईने, आना मावशीने, एकेक वस्तू मांडीवर घेतली. अॅप्रन हुंगला. कप बाजूला ठेवला. डबी मात्र उघडून बघितली आणि माझ्याकडे परत सरकवली.

"ही कशाला आणलीस? रगत कोण घेल मंग?"

मी म्हटलं, मावशी, माणसं रक्त फिलूला द्यायची. मी नुसती नावं लिहायचे. सुई तिचीच असायची.

मावशी उठली, चुलीवर पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात सिरिंज आणि सुया सोडल्या आणि उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहिली. घरातली माणसं कॉफी टाकून स्वयंपाकघराच्या दाराशी गोळा झाली. पाहता पाहता पास्कूमामांनी अस्तनी वर करायला कोटाचं बटण सोडलं, त्यांच्या मागच्याने घड्याळ काढलं. मग मावशी येऊन माझ्यासमोर बसली, लुगड्याचा पदर खांद्यावरून मागे टाकला आणि हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. वाळका, हलका हात. शीर दिसत नव्हती. मी बोटाने चाचपत राहिले. तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं, घाई नको म्हणून, आणि मला ती शीर सापडली.